'कासा'ची कार्डं

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. दुबईत करामा भागातल्या आमच्या रूमच्या फ्रीजमध्ये डबे साठायचे, तसे. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि आत काय आहे ते ज्याचा डबा तोही विसरलेला. एक काढायला जावं तर मागचे चार पुढे सरकतात. आता कराडात मी दुबईला होतो म्हटलं की लोक उंच इमारतींचं विचारतात. मी दामले सरांचं सांगायला लागतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

रूममध्ये आम्ही तिघं. मी एका कंपनीत एसीच्या डक्टची एस्टिमेट्स काढायचो. अन्वरभाई मुकादम दापोलीकडचे, ते कार्गो ऑफिसात होते. आणि दामले सर पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना स्पॅनिश शिकवायचे, ते स्पेनहून टाइल्स मागवणाऱ्या कंपनीत पत्रव्यवहार बघायला आलेले. तिघांचीही लग्नं झालेली, तिघांनाही मुलं. तरी तिथल्या भाषेत आम्ही 'बॅचलर'! बायको सोबत राहत नसली की माणूस बॅचलर, मग गावाकडे त्याला नातू का असेना.

* * *

सर पहिल्यांदा दुबईला उतरले तेव्हा बॅगेत कपडे थोडे आणि बुटांचे खोके तीन. कस्टमवाल्यानं खोका उघडला. आत बूट नाहीत, नुसती कार्डं. प्रत्येकावर बारीक अक्षरात परक्या भाषेतलं एकेक वाक्य. त्यानं दुसऱ्या ऑफिसरला बोलावलं.

"ये क्या है?"

"सर, एक ही शब्द है. कासा. मतलब घर."

"सब कार्ड पे एक ही?"

सरांनी खरं ते सांगितलं. जुन्या स्पॅनिश कादंबऱ्यांत हा साधा शब्द कुठं कसा वापरलाय, त्यावर प्रबंध लिहितोय. जिथं शब्द दिसला, ते वाक्य कार्डावर उतरवून घेतलंय.

"कितना घर है इसमें?"

"हजार के ऊपर."

"और दुबई में कहाँ रहेगा?"

"बेड स्पेस," सर म्हणाले. म्हणजे दुसऱ्यांच्या खोलीत भाड्याचा एक पलंग.

ऑफिसरनं स्वतःच्या हातानं झाकण लावलं आणि खोका ट्रॉलीवर ठेवून दिला. बॅगेतलं बाकीचं काही बघितलंही नाही.

* * *

तर हा सरांचा उद्योग. कासा म्हणजे कधी चार भिंती, कधी त्यात राहणारी माणसं, कधी घराणं, कधी पेढी. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी सर सगळी कार्डं बाहेर काढायचे आणि अर्थाप्रमाणे गठ्ठे लावायचे. एक गठ्ठा भिंतींचा, एक माणसांचा, एक घराण्याचा. असे वीस-बावीस गठ्ठे, रात्री त्याच क्रमानं परत खोक्यांत. कार्डावर खाली फक्त कादंबरीचं छोटं नाव आणि पान नंबर. अर्थ लिहायचा नाही. पुण्यातल्या गाइडबाईंचा नियम होता, पक्कं झाल्याशिवाय कार्डावर पेन टेकवायचं नाही. आणि सरांचं पक्कं कधी होत नसे. एक कार्ड भिंतींतून उचलून माणसांत ठेवायचे, पुढच्या शुक्रवारी परत भिंतींत.

पलंग तीनच, त्यामुळे तिन्ही पलंगांवर सरांची घरं पसरलेली आणि आम्ही खाली वर्तमानपत्रावर बसून जेवायचो. अन्वरभाई म्हणायचे, "सर, जरा सरकवा की तुमचं घराणं, मला पडायचं आहे."

सर आले होते दोन वर्षांसाठी. पुण्यातला फ्लॅट झाला की परत. फ्लॅट कधीच झाला. मग ठरलं, कार्डं एकदा लावून झाली की प्रबंध महिनाभरात लिहून होईल, प्रबंध झाला की दुबई खलास. त्याला चार वर्षं होत आली.

हसण्यासारखं काही नाही यात. तिथं प्रत्येकाकडे असं एखादं काम असायचं. अन्वरभाईंचं आधी बहिणीचं लग्न होतं, मग गावचं दुमजली घर. माझं काय होतं ते मी इथं सांगणार नाही. ते काम संपेपर्यंत थांबायचं असतं, आणि ते संपू नये याची आपणच काळजी घेत असतो. घरी गेलो आणि तिथं आपल्यावाचून सगळं नीट चाललेलं असलं तर? ही भीती आम्हा तिघांनाही होती.

* * *

एकदा स्पेनहून टाइल्सच्या कारखान्याचा मालक आला. दुभाषी अर्थात सर. सरांचं स्पॅनिश सगळं जुन्या कादंबऱ्यांतलं. त्यांनी एअरपोर्टवर त्या माणसाला जे विचारलं, ते मराठीत सांगायचं तर असं: "महाराजांच्या थकल्या गात्रांना या गरिबाच्या शकटात विसावा घेणे रुचेल काय?" शकट म्हणजे कंपनीची पिकअप!

तो माणूस पोट धरून हसला. म्हणाला, "तुमची पत्रं आमच्या ऑफिसात सगळे उभं राहून वाचतात. आणि तुमच्याशी बोलताना वाटतंय, मी विमानानं नाही, घोड्यावरून यायला हवं होतं."

दोन दिवस त्यानं सरांना सोडलं नाही. शेवटच्या दिवशी जेवताना सहज विचारलं, तुमच्या कासात कोण कोण असतं?

सर रूमवर येऊन मला म्हणाले, "पाटणकर, एवढं साधं वाक्य हो. कुठल्या घराबद्दल विचारतोय तेच कळेना." मग हातपाय धुवून भाजी चिरायला बसले. त्या दिवशी त्यांची पाळी होती.

* * *

अन्वरभाईंनी गावाला दुमजली घर बांधलं. पुढे व्हरांडा, वर गच्ची, खिडक्यांना रंगीत काचा. बांधकामाचे फोटो पत्रातून यायचे. पाया, मग भिंती, मग स्लॅब. ते फोटो त्यांनी पलंगाच्या बाजूला ओळीनं चिकटवले होते. घर बांधलं जाताना त्यांनी ते भिंतीवरच बघितलं म्हणायला हरकत नाही.

घर पुरं झाल्यावर महिन्याची सुट्टी काढून गेले. परत आले तेव्हा आम्ही घेरलं. काय अन्वरभाई, कसं आहे घर?

"चांगलं आहे. लाद्या फर्स्ट क्लास."

"आणि?"

त्यांनी बॅग पलंगाखाली सरकवली. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी मला पाणी प्यायचं होतं. किचनमध्ये गेलो, ग्लास कुठं आहेत कळेना. नऊ वर्षांचा मुलगा माझा, तो आला. म्हणाला, थांबा, पाहुण्यांचे वरच्या फळीवर असतात. स्टूल घेतलं आणि चढला. काचेचा ग्लास काढून दिला हो मला, ट्रेमध्ये ठेवून."

मी हसलो. हसायला नको होतं. सरांनी हातातलं कार्ड कुठल्याच गठ्ठ्यात ठेवलं नाही, ते घेऊन तसेच खिडकीशी उभे राहिले. त्या वर्षी सर मे महिन्यात सुट्टीवर जाणार होते. गेले नाहीत. कार्डं व्हायची आहेत म्हणाले.

* * *

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब होतं. गणपतीत आम्हा बॅचलर लोकांना जेवायला बोलवायचे. त्यांची मुलगी सरांच्या लेकीएवढी, मनूएवढी, बारा-तेरा वर्षांची. सर तिच्याशी बोलायला धडपडायचे.

"काय गं, घरी मराठी बोलतेस की नाही?"

"नो अंकल, ॲट होम वी स्पीक इंग्लिश. मराठी इज फॉर द फोन."

तिची आई ओशाळली. सर मात्र म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मीसुद्धा मराठीत संसार फोनवरच करतो." आणि मोदक अजून एक मागून घेतला.

* * *

फोन म्हणजे रस्त्यावरचा बूथ. शुक्रवारी दुपारी रेट कमी, म्हणून लाइन. लाइनीत उभं राहून एकमेकांची घरं आम्हाला पाठ झाली होती. एकदा एक मल्याळी माणूस फोन ठेवून निघाला तर मागचा पंजाबी म्हणाला, "अरे, अम्मा का घुटना पूछना भूल गया!" तो परत लाइनीत उभा राहिला.

सरांचा फोन ठरलेला. आधी मनू. "कशी आहेस?" "फाइन." "अभ्यास?" "फाइन." "काय आणू तुला?" "नथिंग." मग रिसीव्हर आईकडे. वहिनींचा आवाज खणखणीत, बूथबाहेर ऐकू यायचा.

"अहो, कार्डं लागली का?"

"थोडी राहिलीत. एक खोका."

"बरं."

वहिनी कधी भांडल्या नाहीत. दर शुक्रवारी तेवढं एकच विचारायच्या. मला वाटतं, भांडल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं. शेवटी शेवटी मनू फोनवर येईनाशीच झाली. क्लासला गेलीय, झोपलीय, मैत्रिणीकडे गेलीय. सर बूथमधून बाहेर आले की पुढचा माणूस आत शिरायच्या आधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. ओळख ना पाळख, तरी ठेवायचा.

* * *

आता शेवटचा.

सरांना कंपनीनं आठ दिवस रुवैसला पाठवलं. तिथं रिफायनरीच्या स्टाफ क्वार्टर्सना टाइल्स लागत होत्या, त्यांची तक्रार होती. इकडे बिल्डिंगच्या वॉचमननं निरोप दिला, उद्या झुरळांचं औषध मारणार, रूम रिकामी करा. आम्ही सामान बाहेर काढायला लागलो. सरांचे खोके आता पाच झाले होते. एकाचा तळ सुटला आणि दोनशे-अडीचशे कार्डं पॅसेजभर पसरली.

अन्वरभाईंनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "पाटणकर, नाहीतरी उचलायची आहेतच. सगळीच नीट लावून ठेवू या. सर बिचारे चार वर्षं लावतायत, एकटा माणूस. आमच्या ऑफिसात रोज एवढे कागद लागतात."

मला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही, त्यांनाही नाही. पण अन्वरभाईंच्या हाताला कार्गोची सवय. विमानानं जाणाऱ्या मालाची एअरवे बिलं कशी लावतात? आधी पार्टीचं नाव, मग सीरियल नंबर. कार्डावर खाली छोटं नाव होतं, ती धरली पार्टी. पुढे आकडा होता, तो धरला सीरियल. दोन दिवस आम्ही ऑफिसातून आलो की बसायचो. प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी, वर चिठ्ठी, एकूण संख्या. पाचही खोके. अन्वरभाईंनी नवे खोकेसुद्धा आणले.

शुक्रवारी सकाळी सर आले. अन्वरभाई हात पाठीमागे बांधून उभे. "सर, उघडा."

सरांनी एक गठ्ठा सोडला. पहिलं कार्ड बघितलं, दुसरं, तिसरं. मग दुसऱ्या खोक्यातला गठ्ठा.

"माझे अर्थाचे गठ्ठे कुठं आहेत?"

"ते तर तुम्ही दर शुक्रवारी नव्यानं लावता ना?" अन्वरभाई म्हणाले. "आम्ही नाव आणि नंबरनं लावले. एकपण मिसिंग नाही, सर."

म्हणजे सगळी कार्डं पुन्हा आपापल्या कादंबरीत, पान एक, पान नऊ, पान सोळा, अशी जाऊन बसली होती. सर जिथून निघाले होते तिथं.

अन्वरभाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते खालीच बसले. "किती दिवसांचं काम होतं, सर?"

"चार वर्षांचं."

"मी परत लावतो. तुम्ही नुसतं तोंडानं सांगा, हे इथं, ते तिथं. माझ्या सगळ्या सुट्ट्या घ्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

सर रागावले नाहीत. सगळ्यात जाड गठ्ठा घेऊन पलंगावर बसले आणि पहिल्या कार्डापासून वाचायला लागले. एक वाचायचं, बाजूला ठेवायचं, पुढचं घ्यायचं. मी भात केला, तो गार झाला. अन्वरभाई नमाजाला जाऊन आले, सर वाचतच होते. दोन वाजता मान वर केली.

"या कादंबरीत एक मीठ विकत फिरणारा माणूस आहे," ते म्हणाले. "पहिल्या दोनशे पानांत चारच कार्डं. घराचं नावच काढत नाही."

"आणि मग?" अन्वरभाईंनी हळूच विचारलं.

"मग दर पाच-सहा पानांना एक. मग पानापानाला. शेवटी एका पानावर सात." सरांनी गठ्ठ्याला पुन्हा सुतळी बांधली, अन्वरभाईंनी बांधली होती तशीच. "मी इतकी वर्षं ही कादंबरी वाचलीच नव्हती हो."

चार वाजता आम्ही बूथच्या लाइनीत होतो. सर आत, मी दारात, अन्वरभाई दोन माणसं सोडून मागे, मान खाली घालून. मनू आलीच नाही फोनवर. वहिनीच आल्या.

"अहो, कार्डं लागली का?"

सरांनी काचेतून अन्वरभाईंकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "सगळी लागली. अन्वरभाईंनी लावून दिली. मनूला सांग, मी येतोय. नाही, सुट्टीवर नाही."