पाच मोजेपर्यंत

पहिला दिवस: २००३ सालच्या दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेअकरा. स्थळ: इंदिरानगरात आमच्या घरामागे असलेले डांबरी पटांगण. जबाबदार व्यक्ती तीन: छोट्या गाड्यांच्या शर्यती घेणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मंडळाचे तपासनीस आणि नियमावलीचा लेखक.

दुसरा दिवस: लगेचचा सोमवार. त्या दिवशी मंडळाच्या फलकावर एक शब्द लागला. जबाबदार: अध्यक्ष.

तिसरा दिवस: गेल्या महिन्यातला. मंडळाची स्मरणिका सभासदांच्या घरी पोहोचली आणि तोच शब्द तीत छापलेला निघाला. जबाबदार: पुन्हा अध्यक्ष.

नियमावलीचा लेखक मी आहे. या यादीतून मी स्वतःला वगळलेले नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे, त्यांचे नाव स्मरणिकेत नाही. हे सौजन्य फसवे आहे, कारण त्या पटांगणावर गाडी पळवणारी बाई एकच होती. मीही त्यांचे नाव लिहिणार नाही. ज्या कागदावर मला तो शब्द पुन्हा लिहावा लागणार, त्या कागदावर त्यांचे नाव नको.

आता त्यांना डोळ्यांसमोर आणा. शर्यत संपली की बाई आपली गाडी उचलत, उलटी धरत आणि मधल्या बोटाची मागची बाजू मोटारीच्या पत्र्यावर टेकवून मोजत. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचपर्यंत बोट टिकले तर मोटार सुखात आहे. तीनलाच काढावे लागले तर मोटारीवर ओझे जास्त झाले आहे. मग त्या शेजाऱ्याच्या मोटारीवरही न विचारता बोट ठेवत आणि म्हणत, "दोनला पोळलं. दात कमी करा, साहेब."

या गाड्या म्हणजे हातभर लांबीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या, दूरनियंत्रकाने पळवायच्या. पाच मिनिटांत जो जास्त फेऱ्या मारील तो जिंकला. मी जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो, तेव्हा परदेशातल्या जावयाने मला अशी एक गाडी पाठवली. माझे हात थरथरत असल्याने ती पहिल्याच वळणावर झाडावर जाई. तेव्हा मी गाडी सोडली आणि स्टॉपवॉच धरले. नियम नव्हते, ते लिहिले. बाईंनी ती नियमावली पहिल्यांदा हातात घेतली आणि पाने मोजली.

"नाझरसाहेब, गाड्या नऊ आणि पानं अकरा?"

"पुढे गाड्या वाढतील," मी म्हणालो.

"पानं वाढली नाय म्हंजे झालं."

बाई सातपूरच्या एका कारखान्यात वाइंडिंग विभागात होत्या. पंपांच्या मोटारींना तांब्याच्या तारेचे वेढे देण्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. त्यांच्या सुपरवायझरची गाडी आमच्याकडे धावत असे. तिची मोटार जळली, ती त्याने बाईंना दाखवली आणि बाई ती दुरुस्त करून स्वतःच घेऊन पटांगणावर आल्या. "एवढीशी मोटार कशानं जळती, ते बघायला आले," असे त्यांनी सांगितले. वर्षभरात त्यांनी सुट्या भागांतून स्वतःची गाडी जुळवली होती.

मोटार कशाने जळते, ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसले. मोटारीच्या दांड्यावर एक छोटे दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते मोठे बसवले की गाडी सरळ पट्ट्यावर सुसाट जाते आणि बघणारे वाहवा करतात. आमचे सगळे सभासद मोठे पिनियन बसवत. पण आमच्या पटांगणावर सरळ पट्टा एकच होता आणि वळणे अकरा. प्रत्येक वळणानंतर मोटार धापा टाकत वेग घेई, तापे आणि चौथ्या मिनिटाला बॅटरी मान टाकी. बाई इतरांपेक्षा दोन दात कमी लावत. सरळ पट्ट्यावर त्यांना सगळे मागे टाकत. वळणातून बाहेर पडताना त्या सगळ्यांना.

"बाई, तुमची गाडी बैलगाडी आहे," अध्यक्ष हसून म्हणत. सातपुरात त्यांचा स्वतःचा इंजिनीअरिंगचा कारखाना होता.

"हो ना. पण बैल तुमच्या आधी घरी पोचतो, साहेब."

पिनियन बदलले की ते मोठ्या चाकापासून किती अंतरावर बसवायचे, हे नेमके साधावे लागते. घट्ट बसले तर दात झिजतात, सैल बसले तर तुटतात. बाई सातपूरहून सिटी बसने येत आणि त्या बसचे तिकीट दोन चाकांच्या मध्ये घालून स्क्रू आवळत. मग चाक फिरवून तिकीट बाहेर काढत. ते बारीक चुण्या पडून बाहेर येई. फाटले नाही तर अंतर बरोबर. "तिकीट फुकट जाऊ द्यायचं नाय," असे म्हणून ते त्या पर्समध्ये ठेवून देत.

मोटार वेगवान करण्याचा दुसराही एक मार्ग असतो. मोटारीच्या मागे एक टोपी असते. तिचे दोन स्क्रू ढिले करून ती किंचित फिरवली की आतली ठिणगी थोडी आधी पडते, मोटार जास्त फिरते आणि भरपूर तापते. याला टायमिंग वाढवणे म्हणतात. आमच्या स्पर्धेत त्याला बंदी होती. सर्वांच्या मोटारी एकाच प्रकारच्या असत आणि टोपी कारखान्याच्या खुणेवरच ठेवायची, असा माझा सातवा नियम होता. टोपी कोणी फिरवू नये म्हणून पात्रता फेरीच्या रविवारी मी प्रत्येक मोटारीच्या स्क्रूवर सील लावले. सील म्हणजे लाल नेलपॉलिश. बांगड्यांच्या दुकानात जाऊन ते मी स्वतः विकत आणले होते. दुकानातल्या मुलीने सूनबाईंचा रंग गोरा की सावळा, असे विचारले, तेव्हा मी काय उत्तर दिले ते येथे अप्रस्तुत आहे.

"मोटारीला नटवलीत की, नाझरसाहेब," बाई म्हणाल्या.

सातव्या नियमाचे दुसरे वाक्य असे होते: सील नसल्यास स्पर्धक बाद. त्यापुढे तिसरे वाक्य नव्हते.

अंतिम फेरी बाईंनी जिंकली. एकोणीस फेऱ्या. अध्यक्ष दुसरे आले, अठरा फेऱ्या. तपासनीस आमच्यातलेच एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दवाखान्यातले भिंग लावून बाईंची मोटार पाहिली आणि सील नसल्याचे जाहीर केले.

बाई म्हणाल्या, "काल पुसली मी. थिनरनं."

कारखान्यात प्रत्येक मोटार व्हार्निशच्या आधी थिनरने पुसावी लागते. वीस वर्षे जे हात ते करत होते, त्यांनी शनिवारी संध्याकाळी घरीही तेच केले. थिनरने नेलपॉलिश जाते, हे त्या बांगड्यांच्या दुकानातल्या मुलीला माहीत असणार. नियम करणाऱ्याच्या ते डोक्यात आले नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या नखाला जन्मात रंग टिकला नाय. मला काय ठाऊक, तो कशानं जातो?"

"टोपी खुणेवर आहे," तपासनीस पुटपुटले.

"आत्ता आहे," अध्यक्ष म्हणाले. "शर्यतीनंतर परत फिरवली नसेल कशावरून?"

"बोट ठेवा," बाई म्हणाल्या. "टोपी फिरवलेली मोटार पाच मोजू देत नाय. गार व्हायच्या आत ठेवा."

कोणी बोट ठेवले नाही. दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक पहिल्या क्रमांकाविषयी निर्णय देत होता. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व मी तीस वर्षे न्यायालयात ऐकले होते. मी ते त्या वेळी बोललो नाही.

मग बाईंनी जे केले, ते पाहणारे वीस-पंचवीस लोक आजही या शहरात आहेत. त्या अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तुमची मोटार द्या. सील असलेली. माझ्या गाडीत घालते."

सर्वांसमोर नाही म्हणणे अवघड होते. अध्यक्ष हसले. "घ्या. घालून बघा."

बाईंनी गुडघ्यांवर गाडी ठेवली, अध्यक्षांची मोटार बसवली, तिच्यावर आपले छोटे पिनियन चढवले, पर्समधून सकाळचेच तिकीट काढून दोन चाकांत घातले, आवळले, ओढून काढले. नवी बॅटरी लावली. "नाझरसाहेब, घड्याळ."

मी स्टॉपवॉच दाबले. एकोणीस फेऱ्या. एकोणिसावी आधीच्यापेक्षा दोन सेकंद लवकर पुरी झाली.

बाईंनी गाडी उलटी करून अध्यक्षांपुढे धरली. "तुमचीच मोटार आहे. आता तरी बोट ठेवा."

अध्यक्षांनी बोट ठेवले. बाईंनी मोठ्याने मोजले. पाचपर्यंत त्यांना बोट काढावे लागले नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांचा चेहरा मी पाहिला.

मग ते माझ्याकडे वळले. "काका, नियमावली तुमची. फेरतपासणीची तरतूद आहे का?"

वाचकहो, माझ्या हातात स्टॉपवॉच होते. त्यावर पुरावा होता. आणि मी म्हणालो, "तरतूद नाही."

वाक्य खरे होते. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लाजिरवाणे खरे वाक्य आहे.

करंडक अध्यक्षांनी नेला. सोमवारी फलकावर लिहिलेले होते: मोटारीत फेरफार केल्याने एक स्पर्धक बाद. सील नसणे आणि फेरफार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली होती. दुसरी त्या पाच मिनिटांत सर्वांच्या देखत खोटी ठरली होती. मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि पहिले पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

बाईंनी पत्र लिहिले नाही. पुढच्या रविवारी सकाळी सहाला मला खिडकीतून ओळखीचा आवाज आला. पटांगणावर बाई एकट्याच गाडी पळवत होत्या. मी खाली गेलो.

"नाझरसाहेब, सातच्या आधी हे पटांगण कोणाचं, ते तुमच्या अकरा पानांत लिहिलंय का?"

"नाही."

"मग माझं."

वर्षभर त्या दर रविवारी आल्या. सातला सभासद येऊ लागत, तेव्हा बाई शेवटची फेरी मुद्दाम त्यांच्या पायांजवळून घेत, गाडी उचलत, बोट ठेवून पाच मोजत. अगदी मोठ्याने. मग बसच्या थांब्याकडे जात. एकदा अध्यक्षांनी विचारले, "बाई, हे किती दिवस चालणार?"

"तुम्ही फलक पुसेपर्यंत. थिनर देऊ का?"

बाईंचा कारखाना बंद झाला तेव्हा त्या सिन्नरला बहिणीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला अंतिम फेरीतली आपली मोटार दिली. "तुम्ही कागद जपता. हिलाही जपा. उघडू नका." मी ती उघडलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. मी सिन्नरला गेलो, तेव्हा बहिणीने कपाटावरून गाडी खाली काढली. आत दुसऱ्या मोटारीवर त्यांचे छोटे पिनियन होते आणि दोन चाकांच्या मध्ये बसचे एक तिकीट राहून गेले होते. ते मी तसेच राहू दिले.

अध्यक्षमहाशय, स्मरणिकेनंतर मी आपणांस तीन पत्रे पाठवली. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता सर्वांसमोर विचारतो. फेरफार आपण कशावरून लिहिलात, आणि सहा वर्षांनी पुन्हा कशावरून छापलात? माझ्या नियमाचा आडोसा घेऊ नका. तो नियम अपुरा होता, तो मी लिहिला होता आणि त्याची जाहीर कबुली मी येथे देत आहे. सील पाहणे तपासनीसांचे काम होते. मोटारीवर बोट मात्र आपण ठेवले होते.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी ती मोटार घेऊन त्याच पटांगणावर उभा राहीन. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारीही. या, आणि त्या दिवशी आपल्या बोटाला काय जाणवले होते, एवढेच सर्वांसमोर सांगा.