ग्वांगचौच्या भिंतीवरचं नाव

गायकवाडसर चीनमधल्या देवळातही बूट काढत. तिथं कुणीच काढत नाही; सगळे बुटांसकट थेट मूर्तीपुढे. उंबऱ्याबाहेर सरांचे बूट एकटेच. मी टाळाटाळ केली, की म्हणत, "कुलकर्णीबाई, त्यांची पद्धत त्यांना, आपली आपल्याला." झक मारत मीही काढायची.

हडपसरच्या आमच्या कारखान्यानं यंत्रं तपासायला आम्हाला तीन महिने ग्वांगचौला धाडलं होतं. सर धायरीचे, निवृत्तीला टेकलेले. घरी ऐंशी ओलांडलेली आई. रविवारी मला लोळायचं असे आणि हे मला मशीद, चर्च, ताओ पंथाची देवळं असं हिंडवत. सगळीकडे मागे शांत उभे राहत. फक्त बुद्धमंदिरात त्यांची जीभ सुटायची. लोक उदबत्त्या लावून नोकरी मागत, परीक्षेत पास कर म्हणत.

"अहो, बुद्धाकडे मागायचं नसतं. बढती हवी तर साहेबाकडे मागा. विहाराचं देऊळ करून ठेवलंय यांनी."

एका सकाळी धायरीहून फोन आला. आई गेली. विमान दुसऱ्या दिवशीचं आणि अंत्यसंस्कार तर त्या दिवशीच संध्याकाळी. आईसाठी शेवटचं काहीच करता येत नाही, हे सरांना खात होतं. ते नुसते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मला बघवेना. चला विहारात, मीच म्हटलं.

तिथं त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मध्येच आवाज फुटला. शेजारच्या एका म्हातारीनं मोबाइलवर भाषांतर करून काय झालं ते विचारलं आणि आम्हाला बाजूच्या दालनात नेलं. भिंतभर पिवळे कागद होते, प्रत्येकावर कुणा गेलेल्या माणसाचं नाव. तिनं एक कोरा कागद सरांपुढे धरला. मला धास्ती, आता हे काहीतरी तिरकं बोलणार.

"आत्मा-बित्मा मी मानत नाही," ते मला म्हणाले. मग पेन घेतलं आणि ठळक मराठीत लिहिलं : सखुबाई धोंडिबा गायकवाड. म्हातारीनं तो कागद चिनी नावांच्या मधोमध चिकटवला आणि हात जोडले.

सरांनी कागदाची सुटलेली कड बोटानं दाबून बसवली.

"गावच्या देवळाची पायरी चढली म्हणून लहानपणी मार खाल्ला होता आईनं," ते म्हणाले. "आज नाव आत लागलं."

मला फार लाज वाटली. आमच्या गावच्या देवळाची किल्ली माझ्या पणजोबांच्या कमरेला असायची. सरांना हे एकदा सांगायचं, असं पुढे कितीतरी दिवस ठरवत राहिले. गेल्या वर्षी सर गेले.