रक्त द्यायच्या आधीची भाकरी

कोकणात दिघीला फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायचं काम करतो मी. गाव हिंगोलीकडं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच.

गोळ्या खाऊनही साखर उतरेना, अंग तर वाळत चाललेलं. डॉक्टर म्हणाले, "सी-पेप्टाइडची तपासणी करा. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय का, ते कळेल. बनत नसेल, तर रोज इंजेक्शन."

आणि ते इन्सुलिन म्हणे थंड जागी ठेवावं लागतं. माझ्या खोलीत पाण्याचा माठ, बस्स. सुईपेक्षा मला त्याचाच घोर. परक्या गावात हे निभवायचं कसं?

घरमालकिणीला मी खाला म्हणतो, म्हणजे मावशी. तिचा मुलगा कुवेतला, त्याच्याच खोलीत मी भाड्यानं राहतो. तिला एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय."

अंधारातच दार वाजलं. "ऊठ बेटा, अजान व्हायच्या आत खाऊन घे. मग रक्त देईपर्यंत काही तोंडात घालू नको."

रोजे धरणारं घर. तिथला उपास असाच, पहाटे पोटभर खाऊन सुरू होणारा. मलाही ते बरोबरच वाटलं. तांदळाची गरम भाकरी, वर तूप, दुधाचा चहा. आई गेल्यापासून असं उठवून कुणी खाऊ घातलं नव्हतं. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

खाडी ओलांडून मुरूडच्या लॅबमध्ये पोचलो. दंडाला पट्टा बांधता बांधता तिथली बाई म्हणाली, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"पहाटे."

तिनं पट्टा सोडला. "अहो, रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी! उद्या या."

म्हणजे धाकधूक आणखी एक दिवस. खाला स्वतःवरच करवादली, "जन्मभर रोजे धरले, अन् तुला नीट उपाशी ठेवता आलं नाय!" दुसऱ्या सकाळी मी निघेपर्यंत तिनं गॅससुद्धा पेटवला नाही. म्हणे, वासानं तुला भूक लागेल.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "फारच कमी बनतंय. इंजेक्शन सुरू करू."

परतताना बोटीवर कठडा घट्ट धरून उभा राहिलो. घरी येऊन खालाला सगळं सांगितलं, औषध थंड ठेवावं लागतं तेही. तिनं फ्रिज उघडला, दारातली अंडी काढून टोपात ठेवली.

"हा कप्पा तुझा. सुरमईचा वास तर नाय ना लागणार त्याला?"

"बाटली बंद असते, खाला."

"मग ठेव."

सुई टोचायची अजून सवय झाली नाही. पण बाटली तिथंच असते, आणि अंडी अजून टोपातच आहेत.