हिरव्या राणीची काळजी

दोन हजार आठच्या अखेरीस मला गुरुवारची धास्ती बसली. तेव्हा दुबईत सुट्टी शुक्रवार-शनिवारची असायची आणि मंदी आल्यावर माझ्या नवऱ्याच्या कंपनीत माणसं काढायचा वार गुरुवार ठरून गेला होता. दुपारच्या जेवणानंतर एचआरमधून फोन यायचा, जरा वर येऊन जा म्हणून. वर जाऊन आलेला माणूस खाली येऊन टेबलाचे खण रिकामे करायला लागायचा. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात देश सोडायचा. मुलीची शाळा, आमचं अल कुसैसचं घर, कपाटाखाली ठेवलेल्या रिकाम्या बॅगा, सगळं त्या एका फोनवर अवलंबून होतं. गुरुवारी मी अकरा वाजल्यापासून मोबाइल ओट्यावर ठेवायचे आणि पोळ्या करपवायचे.

नवरा एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होता, मालाची मोजमापं आणि खर्चाचा हिशेब बघायचा. ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, समोर अर्धवट सोडलेल्या इमारती आणि त्यांवर न हलणाऱ्या क्रेन. डिसेंबरमध्ये एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, ‘‘आमच्या सेक्शनमध्ये साहेब दोघांतला एकच ठेवणारेत.’’

दोघं म्हणजे तो आणि आमच्या समोरच्या घरात राहणारा त्याचा सहकारी. त्या सहकाऱ्याची बायको ही माझी तिथली एकुलती एक खरी मैत्रीण. आमच्या मुली एकाच वर्गात, एकाच बसने जाणाऱ्या. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असायची. त्या संध्याकाळी मी आमचं दार लावून घेतलं आणि नंतर लाज वाटून पुन्हा उघडलं.

इथे एका चिनी मालिकेबद्दल सांगायला हवं. तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये चिनी बायका पाठीवर मोठ्या बॅगा घेऊन डीव्हीडी विकायला दारोदार यायच्या. त्यांतल्या एकीकडे मी हिंदी सिनेमा मागितला, तिने ‘‘सेम सेम, व्हेरी गुड’’ म्हणून एक जाडजूड खोका हातात ठेवला. ती गेल्यावर उघडून बघते तर ढगांवरचं राज्य, उडणारी माणसं आणि पन्नासच्या वर भाग. परत करायला बाई सापडेना. म्हणून एका दुपारी मी आणि मैत्रिणीने ते लावलं, आणि दोघीही अशा अडकलो की मुली शाळेतून यायच्या आत रोज दोन भाग झालेच पाहिजेत.

गोष्ट अशी होती. राजवैद्याच्या औषधी बागेत काम करणारी एक मुलगी, मूळची सारस पक्षी, माणसाचं रूप घेऊन राहत असते. थोरला राजपुत्र तिच्या प्रेमात पडतो. पण त्याला शाप असा की दर पौर्णिमेला तो तिला साफ विसरतो. मग पुन्हा बागेत भेट, पुन्हा ओळख, पुन्हा तेच डोळ्यांत डोळे. माझ्या मते हा शुद्ध वेळकाढूपणा होता. मी रिमोट घेऊन पुढे ढकलायचे आणि मैत्रीण तो माझ्या हातातून काढून घ्यायची. ‘‘अगं, दर वेळी तो तिलाच निवडतो, हे बघ ना,’’ म्हणायची आणि ओढणीने डोळे टिपायची.

मला आवडायचा तो दरबार. सिंहासनाच्या पायऱ्या, लांब बाह्यांत हात लपवून उभे असलेले मंत्री आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारी धाकटी राणी. ती कायम हिरव्या कपड्यांत, म्हणून आम्ही तिला हिरवी राणी म्हणायचो. ती कधी आवाज चढवायची नाही, कुणावर आरोप करायची नाही. राजाला चहा ओतता ओतता फक्त काळजी व्यक्त करायची. सेनापतींची तब्येत हल्ली बरी दिसत नाही, परवा भर थंडीत उत्तरेच्या वेशीपर्यंत जाऊन आले म्हणे. बस्स. पुढच्या भागात सेनापती हद्दपार. सबटायटल्स इतकी गचाळ होती की हद्दपारीला तिथे ‘लाँग लीव्ह’ लिहिलेलं असायचं. आमच्या नवऱ्यांच्या ऑफिसातही तेव्हा माणसांना बिनपगारी लाँग लीव्हवर पाठवत होते. पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो, दुसऱ्यांदा नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी राजपुत्र बागेत फुलं वेचत असताना मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तुला एक सांगू? हे परवा ऑफिसात पोट बिघडल्याचं सांगून मुसफ्फाला गेले होते, अबू धाबीजवळ. इंटरव्ह्यू होता, फॅब्रिकेशनच्या कंपनीत. इन्शाल्ला झालं तर अबू धाबीला जाऊ. कुणाला बोलू नकोस हं, भाऊजींनासुद्धा नको. साहेबांना कळलं तर हे आधी जातील.’’

‘‘छे गं,’’ मी म्हणाले. आणि नवऱ्याला खरंच नाही सांगितलं. हा माझा प्रामाणिकपणा मी आजही जमेस धरते, दुसरं काही नाहीच हाताशी.

पुढच्या शुक्रवारी साहेबांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. साहेब आपल्याकडचेच, त्यांच्या मिसेसना आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. एरवी त्या हळदीकुंकवात कुणाच्या साडीची, कुणाच्या मेडची चर्चा चालायची. त्या वर्षी तीसएक बायका काळ्या साड्या नेसून, हलव्याचे दागिने घालून बसल्या होत्या आणि कुणीच कुणाच्या नवऱ्याची चौकशी करत नव्हतं. मैत्रिणीच्या मुलीला ताप होता म्हणून ती आली नव्हती. तिचं वाण मीच नेणार होते.

वहिनी कुंकू लावायला माझ्यापुढे आल्या. ‘‘समोरच्या नाही आल्या?’’

‘‘मुलीला ताप आहे हो. आणि भाऊजीही बिचारे दमलेत. पोट बिघडलेलं असताना परवा मुसफ्फापर्यंत जाऊन आले.’’

‘‘मुसफ्फाला? ते कशाला?’’

‘‘काय की. फॅब्रिकेशनच्या कुठल्याशा कंपनीत काम होतं म्हणे. मला तर काळजीच वाटते.’’

हे वाक्य तोंडातून चुकून निसटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते चुकून निसटलं नव्हतं. साहेबांच्या घरी जाताना टॅक्सीत मी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं. आधी ‘इंटरव्ह्यू’ असा शब्द त्यात होता, तो मी काढून टाकला. वहिनींचं बोट करंड्यात क्षणभर थांबलं. मग त्यांनी मला कुंकू लावलं, हातावर अत्तर घासलं, तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाल्या. वाण म्हणून स्टीलची गाळणी होती. मी दोन घेतल्या, एक माझी आणि एक तिची. परत आल्यावर तिची तिला दिली, आणि ती म्हणाली, ‘‘अगं, माझी जुनी मोडलीच होती, बरं झालं.’’

तो आठवडाभर डोक्यात तेच होतं. मी हिशेब घालायचे, वहिनी साहेबांना सांगतील की नाही, सांगितलं तर साहेब मनावर घेतील की नाही. कधी वाटायचं, सांगू नये त्यांनी. लगेच वाटायचं, सांगितलं नाही तर आपलं काय? दुपारी मैत्रीण यायची, आम्ही भाग लावायचो आणि हिरवी राणी पडद्यावर आली की मी रिमोट उचलायचे. मी मैत्रिणीला म्हणाले, दरबाराचं नको, त्या दोघांचं लाव. तिला वाटलं, मी एकदाची सुधारले.

गुरुवारी तीनच्या सुमाराला समोरच्या घरातला फोन वाजला. दोन्ही दारं उघडीच होती. ती फोनवर नुसतं ‘‘बरं, या तुम्ही घरी’’ म्हणाली. मी ओट्याशी उभी होते. खरं सांगायचं तर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं आणि ते तिच्यासाठी होतं, पण ते नंतर आलं.

मुसफ्फाच्या लोकांनीही पुढे काही कळवलं नाही. त्यांच्याकडेही भरती बंद झाली होती. तीन आठवड्यांत मैत्रिणीच्या घरचं सामान बांधून झालं, नाशिकला सासरी जायचं ठरलं. ती खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता म्हणायची, ‘‘साहेबांना मुसफ्फाचं कुणी सांगितलं असेल गं? ह्यांना तोंडावर विचारलं त्यांनी. मला ऑफिसच्या त्या ड्रायव्हरचाच संशय आहे, तिकडे फेऱ्या असतात त्याच्या.’’

‘‘ऑफिसातलंच कुणीतरी असणार,’’ मी म्हणाले. माझा आवाजही हलला नाही.

माझ्या मुलीने जेवताना विचारलं, ‘‘बट व्हाय आर दे गोइंग, आई? डिड अंकल डू समथिंग राँग?’’ मी तिला ताटातली भाजी संपवायला सांगितलं.

मालिकेचे शेवटचे चार भाग राहिले होते. मैत्रिणीला ते बघूनच जायचं होतं. टीव्ही त्यांचा विकला गेला होता, म्हणून ती आमच्याकडे जमिनीवर मांडी घालून बसली. हिरव्या राणीचं पितळ उघडं पडलं, तिला ढगांवरून खाली ढकललं. मी म्हणाले, बरं झालं. मैत्रीण म्हणाली, ‘‘तिलाही भीतीच वाटत असणार गं. तिचा मुलगा लहान होता.’’ मी पाणी आणायला म्हणून उठले आणि बराच वेळ फ्रीजचं दार उघडून उभी राहिले.

मैत्रीण गेल्यानंतरच्या आठवड्यात नवरा संध्याकाळी घरी आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला.

‘‘साहेबांनी आज मला थँक्यू म्हटलं,’’ तो म्हणाला. ‘‘मिसेसमार्फत वेळेवर कळवलंत म्हणून. मला आधी कळेचना कशाबद्दल. त्यांना वाटतंय, मीच तुला पढवून पाठवलं होतं.’’

मी काहीतरी म्हणायला गेले. त्याने हात वर केला. ‘‘राहू दे. मी त्यांना ‘नाही’ म्हणू शकलो नाही. नाही म्हटलं असतं तर मग कशावर टिकलो असतो मी?’’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. आम्ही जेवलो, मुलीचा अभ्यास घेतला. त्यानंतर ऑफिसातलं तो मला आपणहून काहीच सांगेनासा झाला. मी विचारलं की म्हणायचा, सगळं ठीक आहे. गुरुवारचे फोन चालूच होते, दुसऱ्यांना यायचे. आम्हाला आला नाही.

मार्च संपत आला होता. बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला. बऱ्याच दिवसांत तो असा तिथे येऊन थांबला नव्हता, मला जरा बरंच वाटलं. तो माझ्याकडे न बघता, टाइल्सकडे बघत म्हणाला, ‘‘साहेब विचारत होते, तुमच्या मिसेसना बिल्डिंगमधलं आणखी काही कळलंय का.’’

तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने सकाळीच लिफ्टमध्ये मला सांगितलं होतं की तिचे मिस्टर, आमच्या ह्यांच्याच ऑफिसातले, कतारला अर्ज करताहेत, कुणाला बोलू नका. मी चिरलेल्या भेंड्या एका बाजूला सारल्या, नवीन मूठभर घेतल्या आणि मान वर न करता ते त्याला सांगितलं.