अठ्ठावीस दिवसांचा कागद

आमच्या ताईंना कामावरून काढायचं ठरलं, तेव्हा मान डोलावणाऱ्यांत मी पहिला होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागलो तर तुम्ही मला गप्प करू शकाल.

मी पायलट. वय बावन्न, केस जेमतेम, राग भरपूर. आमची कंपनी म्हणजे तीन छोटी विमानं, एक पत्र्याचं हँगर आणि त्याला चिकटून चार खोल्या. पार्सलं नेतो, कधी इंजिनिअर, कधी पेशंट. चौथी खोली ताईंची. खरं तर ती खोली नव्हेच, जिन्याखालची अडगळ. एक टेबल, एक खरखरणारा प्रिंटर, एक खिडकी आणि कपाटभर फायली. उंच माणूस आत शिरला की त्याचं डोकं जिन्याला आपटायचंच. ताई ठेंगण्या, त्यांना काही होत नसे. आम्ही कपाळ चोळायला लागलो की म्हणायच्या, "वाकायची सवय लावून घ्या, कॅप्टन."

त्यांचं काम चार्टचं. ढग असले, खाली काही दिसत नसलं, की पायलट डोळ्यांच्या नाही, यंत्रांच्या भरवशावर उतरतो. कुठे वळायचं, कुठे किती उंचीवर असायचं, आणि धावपट्टी दिसत नसेल तर किती फुटांच्या खाली अजिबात यायचं नाही, हे सगळं एका पानावर छापलेलं असतं. तो अप्रोच चार्ट. मोठ्या कंपन्या असे चार्ट विकत घेतात. आमच्यासारखे लोक उड्डाण खात्याच्या वेबसाइटवरून उतरवून घेतात. फुकट आणि अस्सल. तुम्हीसुद्धा घरबसल्या घेऊ शकता. भानगड एकच. दर अठ्ठावीस दिवसांनी नवा संच निघतो आणि जुना बाद होतो.

त्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी यायच्या. एक्केचाळीस विमानतळांचे चार्ट छापायच्या, जुनं पान डावीकडे, नवं उजवीकडे, आणि पट्टी ठेवून एकेक आकडा ताडून बघायच्या. बदललेला आकडा बाहेरच्या फळ्यावर लिहायच्या. मग आमच्याकडून जुनी पानं मोजून परत घ्यायच्या. एक पान कमी भरलं तरी विमानापर्यंत चालत यायच्या. एकदा त्यांनी मालकांच्या मेहुण्याला सीटवरून उठवलं होतं, कारण तो त्या पानावर बसला होता. मेहुण्याने बराच आरडाओरडा केला. ताईंनी पान झटकलं आणि चालू लागल्या.

घरी त्यांचा नवरा शिवणकाम करायचा. मुलगी नर्सिंग शिकत होती. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, आणि त्यांची पक्की समजूत होती की सून विमान चालवते. ताईंनी ती समजूत कधी मोडली नाही. "म्हातारीला तेवढाच आनंद," म्हणायच्या. "आणि तुमच्यापैकी काहींपेक्षा बरंच चालवीन." या घराचा निम्मा भार त्या अडगळीतल्या नोकरीवर होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आणि तरी मालकांनी मीटिंग बोलावली तेव्हा मी मान डोलावली. मालक म्हणाले, "आता प्रत्येकाच्या हातात टॅब आहे. बोट लावलं की चार्ट हजर, तोही फुकट. मग फुकटची वस्तू उतरवायला पगारी माणूस कशाला?" मला ते पटलं. नुसतं पटलं असतं तर ठीक, पण माझी जीभ कुठली गप्प बसते? मी म्हटलं, "आणि डोंगर काय दर महिन्याला जागा बदलतात का?"

सगळे खो खो हसले. ताई दारातच उभ्या होत्या.

"डोंगर नाही बदलत, कॅप्टन," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर माणसं खांब रोवतात." मग मालकांकडे वळल्या. "नोटीस महिन्याची आहे ना? महिना पुरा करणार. आणि महिनाभर कागद माझे, नियम माझे. ज्याला जड वाटतं त्याने पायी जावं."

आता माझं पाप सांगतो. डोंगरातल्या एका छोट्या विमानतळावर मी महिन्यातून सहासात वेळा जायचो. तिथला चार्ट मी दीड वर्षापूर्वी घरच्या प्रिंटरवर छापला, त्यावर पेनाने माझ्या खुणा केल्या, कुठे वारा धक्का देतो, कुठे इंजिन कमी करायचं, आणि झक्कपैकी लॅमिनेट करून घेतला. ताईंची फाईल पिशवीत आणि माझं कार्ड मांडीवर. फुकटच्या गोष्टीचं हे असंच असतं. एकदा घेतली की माणसाला वाटतं, झालं काम. पैसे मोजले असते तर निदान वसूल करायला तरी पुन्हा उघडली असती. आणि लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही, डागाळत नाही, जुना झालाय असं तो कधी सांगतच नाही.

नोटिशीचा तिसरा आठवडा होता. नवा संच त्याच सकाळी लागू झाला होता. डोंगरातल्या गावात एका म्हाताऱ्या शिक्षकांना हृदयविकाराचा झटका आला होता, त्यांना मोठ्या हॉस्पिटलात आणायचं होतं. ढग खाली आलेले, को-पायलट, डॉक्टर आणि नर्स विमानात बसलेले, आणि मी धावतपळत निघालेलो. ताई मधेच आडव्या उभ्या राहिल्या.

"फळा वाचलात?"

"वेळ नाहीये, ताई. बाजूला व्हा."

"ते काखेत काय आहे?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी कार्ड ओढून घेतलं. कोपऱ्यातली तारीख वाचली. एकदा माझ्याकडे बघितलं. मग एप्रनच्या खिशातून नवऱ्याची शिवणकामाची भलीमोठी कात्री काढली आणि माझं कार्ड मधोमध कापलं. लॅमिनेटचा करकर आवाज झाला. डॉक्टर काचेतून बघत होते.

"अहो, अक्कल आहे का तुम्हाला?" मी किंचाळलो. "तिथे माणूस मरतोय!"

"एकच मरतोय ना? तुम्ही चौघं आणखी कशाला?" असं म्हणून त्यांनी नवं पान माझ्या छातीवर आपटलं. "एकोणीसशे तीस. तोंडाने म्हणा."

"काय?"

"खालची हद्द सतराशे चाळीस नाही आता. एकोणीसशे तीस. म्हणा, नाहीतर मी चाकापुढे बसते."

आणि त्या बसल्या असत्या. मी म्हटलं. दातओठ खात म्हटलं. या सगळ्यात अकरा मिनिटं गेली.

ढगात शिरलो तेव्हाही मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. खाली येत होतो, बाहेर सगळं पांढरं. शेजारच्या को-पायलटने आकडा पुकारला, "एकोणीसशे तीस, धावपट्टी दिसत नाही." आणि माझा हात तरी खालीच चालला होता. दीड वर्षाची सवय. अजून एकशे नव्वद फूट खाली उतरलं की पट्टी दिसते, हे त्या हाताला पाठ होतं. को-पायलट ओरडली, "कॅप्टन! एकोणीसशे तीस!" तेव्हा कुठे मी विमान वर ओढलं. वर चढताना डावीकडे ढग क्षणभर विरला आणि कड्यावर एक लोखंडी मनोरा दिसला. नवा कोरा. मागच्या महिन्यात तो तिथे नव्हता.

मी त्याच्यावर आपटलोच असतो, असं म्हणणार नाही. जुन्या आकड्यालाही कदाचित वरून निसटलो असतो. कदाचित. दुसऱ्या खेपेला ढग जरा वर उचलले, पट्टी वेळेत दिसली, आम्ही उतरलो, आणि मास्तरांना घेऊन आलो. ते वाचले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आणि ताईंना बोलावलं. उशिराबद्दल हॉस्पिटलने तक्रार केली होती. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. ताईंनी वैमानिकाचं साहित्य नष्ट केलं, रुग्णाला उशीर केला, सबब आजपासून बडतर्फ. खाली सहीला माझं नाव. बडतर्फी म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीचं जे मिळायचं तेही नाही, आणि दुसरीकडे कोणी दारातही उभं करणार नाही.

"माफी मागा," मालक त्यांना म्हणाले. "महिना पुरा करा, सन्मानाने जा. मी काही राक्षस नाही."

"माफी कसली?" ताई म्हणाल्या. "परत आणलं तर परत कापीन."

"पण काही झालं का? सगळे सुखरूप आले ना?"

"आले. म्हणून तर तुम्हाला मला ओरडायला फुरसत मिळाली."

मालकांनी पेन माझ्यापुढे धरलं. खरं सांगायचं तर बाद झालेला चार्ट घेऊन मी दीड वर्ष उडत होतो, हे कबूल करायला हवं होतं. तसं केलं तर खातं माझं उड्डाण थांबवणार. मी घाबरलो. "उद्या देतो," म्हटलं आणि पळालो. हो, पळालोच. ताई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्या चपलांकडे.

घरी बायकोला सांगितलं. ती दातांची डॉक्टर, समोरच्याचं तोंड उघडायला लावायची तिला सवय आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तिने तुझा जीव वाचवला, आणि तू तिची भाकरी काढून घेणार."

"जीव वाचवला असं नक्की म्हणता येत नाही," मी म्हटलं.

"बरं. मग नक्की काय म्हणता येतं तेवढं तरी लिही ना."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण मला शेवटी सांगायचंय ते वेगळं आहे. मालकांच्या कागदावर मी सही केली नाही. खात्याला स्वतःविरुद्ध अहवाल दिला. मालक म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय!" खात्याचा माणूस आला, त्याने तिन्ही विमानांच्या पिशव्या उपसल्या, आणि दोघा पायलटांच्या टॅबवर पाच महिन्यांपूर्वीचे चार्ट सापडले. त्याने मालकांना विचारलं, इथे चार्टची जबाबदारी कोणाची? मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ताईंची नोटीस रद्द झाली. माझं उड्डाण सात महिने बंद झालं. चार महिन्यांवर भागलं असतं. वरचे तीन कसे वाढले, तेच सांगायचंय.

अहवाल लिहायला मी ताईंच्याच खोलीत गेलो होतो, कारण फॉर्म तिथे होते. डोकं आपटलं. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. मी तासभर बसून लिहिलं आणि मोठ्या दिमाखात कागद त्यांच्यापुढे ठेवला. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं त्यांचे डोळे भरून येतील. आपल्यासाठी एवढा माणूस एवढं करतोय म्हणून दोन शब्द बोलतील.

त्यांनी पट्टी घेतली. ओळीखाली ठेवली. वाचत वाचत खाली आल्या आणि चौथ्या ओळीवर थांबल्या. मी लिहिलं होतं, "मुदत संपलेला चार्ट नजरचुकीने जवळ राहिला."

"नजरचूक?" त्या म्हणाल्या.

"ताई, तेवढ्या एका शब्दाने काय फरक पडतो? तुमची नोकरी तशीही वाचतेय."

"माझ्या नोकरीचं मी बघीन. उपकार करायला आला असाल तर कागद उचला आणि जा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "दीड वर्ष दर अठ्ठावीस दिवसांनी मी तुमच्या हातात नवं पान दिलंय. कुठलं चालतं आणि कुठलं नाही, तुम्हाला रोज माहीत होतं. इथे नजरचूक लिहिलंत, तर उद्या दुसरा कोणी लॅमिनेट करील आणि तोही नजरचूकच म्हणेल. जे झालं ते लिहा."

मला राग आला. फार राग आला. उठून जावं असं वाटलं, आणि दार दोन पावलांवर होतं.

मी शब्द खोडला. वर लिहिलं, "माहीत असून." ताईंनी ओळ पुन्हा वाचली, पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली आणि म्हणाल्या, "बसा. अजून अर्धं पान तपासायचंय."