रेंज कुठपर्यंत

कृष्णात चौगुले आमच्या फरीदाबादच्या ऑफिसात गेटवर बसत. मूळचे कागलकडचे. सैन्यात सिग्नल्समध्ये वीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलीची शाळा मोडू नये म्हणून इथेच राहिले. "मॅडम आल्यात का?" याखेरीज त्यांना तीन वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

ऑफिस प्रज्ञा मेश्राम यांचं. परदेशातले डॉक्टर रुग्णांबद्दल बोलून रेकॉर्ड करत, ते ऐकून आम्ही अठरा बायका टाइप करायचो. २००६ साली वरचा मजलाही घेतला, पण घरमालक वायरीसाठी भिंतीला भोक पाडू देईना. मग वायरलेस राउटर घ्यायचं ठरलं. तो कसा निवडतात हे एकीलाही माहीत नव्हतं. कुणाचा तरी जुना अर्ज शोधताना प्रज्ञाताईंना चौगुल्यांच्या अर्जातला 'सिग्नल्स' हा शब्द दिसला आणि त्या थेट गेटवर गेल्या.

"भाऊ, तुम्ही वायरलेसचे ना?"

"हो मॅडम."

"मग आपल्यालाही एक निवडून द्या. नीट चालला तर गेट सोडायचं. आत टेबल देते, मशिन्स तुम्हीच सांभाळा."

चौगुल्यांनी राउटर जन्मात पाहिला नव्हता. वायरलेस म्हणजे त्यांच्या लेखी पाठीवर घ्यायचा सेट. पण तसं सांगितलं असतं तर टेबल हातचं गेलं असतं. ते हो म्हणाले आणि रविवारी इंग्रजी वाचायला मला सोबत घेऊन दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले.

दुकानदाराने तीन अँटेनांचा धिप्पाड राउटर पुढे केला. "अंकल, रेंज देखिए. पड़ोसी भी चला ले."

"पड़ोसी क्यों चलाएगा?"

चौगुल्यांनी सगळ्यात कमी रेंजचा मागितला. असं गिऱ्हाईक दुकानदाराने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, आवाज आपल्या माणसापर्यंत पोचला की बास. पुढे गेला की दुसराच ऐकतो."

पुढचे चार दिवस ते लॅपटॉप हातात धरून इमारतीभोवती फेऱ्या मारत होते. राउटर कपाटावर ठेवला, जिन्यात टांगला, तिथून पुन्हा दोन हात खाली घेतला. आता खंदक खणतील, असं मीच म्हणाले आणि सगळ्या हसल्या. पण दोन्ही मजल्यांवर तो नीट चालू लागला.

त्याच सुमारास एका परदेशी हॉस्पिटलने मोठं काम देण्याआधी विचारलं, तुमचं नेटवर्क कितपत सुरक्षित आहे ते लिहून कळवा. चौगुल्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत टाइप केलं. शेवटची ओळ अशी होती: रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीच्या बाकड्यावर सिग्नल मिळतो, अगदी क्षीण, पण मिळतो.

"ही ओळ कशाला? तिथे कोण बघायला येतंय?" मी म्हणाले. "टेबल हवंय ना तुम्हाला?"

"हवंय की. पण ताई, सिग्नल्सच्या लॉगवहीत जे ऐकलं ते लिहायचं, गाळायचं नाही. त्याच्या भरवशावर पुढे माणसं चालत जातात."

प्रज्ञाताईंनी ते वाचून कपाळाला हात लावला, आणि सही केली.

आठवड्याने उत्तर आलं. काम मिळालं होतं. अट एकच, रुग्णांची माहिती वायरलेसवरून जाता कामा नये. घरमालकाची मनधरणी करून शेवटी भोकं पाडली, वायरी ओढल्या आणि राउटर खोक्यात गेला. मग आतलं टेबलही राहून गेलं. प्रज्ञाताई बराच वेळ त्यांना समजावत होत्या आणि ते "बिल्कुल मॅडम, बिल्कुल" म्हणत होते.

मला वाईट वाटलं. ती ओळ मी गाळायला सांगितली होती, याची लाजही वाटली. पत्राच्या तळाशी एक मजकूर होता, तो चौगुल्यांना कोणीच सांगितला नव्हता. मी कागद घेऊन गेटवर गेले आणि मराठीत वाचून दाखवला: "तुमच्या नेटवर्क इंजिनिअरचा अहवाल फार प्रामाणिक आहे. काम तुम्हाला देण्याचं तेच कारण. त्यांना आमचे आभार कळवा."

"इंजिनिअर कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी वाचलं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि ते गेट उघडायला उठले.