एकाच पिशवीतले कपडे

माझी मावशी प्रयोगशाळेत गुन्ह्यातल्या कपड्यांच्या धाग्यांचे रंग मोजते. घरीसुद्धा दोघांचे स्वेटर एका खणात दिसले की ती अंगावर येते.

परवा एका खून झालेल्या माणसाच्या शर्टावर लाल धागा मिळाला. मावशीने यंत्रावर रंग मोजला, तर तो संशयिताच्या स्वेटरशी तंतोतंत जुळला. फौजदार खुशीत बोलून गेले, "ठाण्यात दोन्ही कपडे मी एकाच पिशवीत जपून ठेवले होते."

झालं, सगळं मुसळ केरात.

"अहो, मग धागा खुनाच्या वेळी चिकटला की तुमच्या पिशवीत, हे कोणतं यंत्र सांगणार?"

"पण मॅडम, रंग तर जुळतोय ना?"

मावशी घरी आली आणि सगळ्यांचे स्वेटर तिने एकाच खणात कोंबले.